नदी चारशे मीटरवर आहे, पण ओटा किती उंच आहे?

प्रश्न : आमचं गाव दौंड तालुक्यात, मुळा-मुठेच्या काठी. मी नोकरीमुळे हडपसरला राहतो. गावी आई-वडील, भाऊ आणि वहिनी असतात. घराचा मागचा भाग आजोबांनी बांधलेला, दगड-मातीचा. पुढच्या तीन खोल्या स्लॅबच्या, २०१६ साली बँकेचं कर्ज काढून बांधल्या. त्यातल्या एका खोलीत वहिनीचं किराणा दुकान आहे. बाजूला दोन म्हशींचा गोठा आणि कांद्याची चाळ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी मारुतीच्या देवळाच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं, आमच्या घरात आलं नाही. घराचा विमा काढावा असं मला वाटतं. वडील म्हणतात, ‘नदी चारशे मीटर लांब आहे आणि काही झालंच तर पंचनामा करून सरकार पैसे देतंच.’ भाऊ म्हणतो, कर्जाच्या वेळी बँकेने विमा उतरवलाय, दुसरा कशाला? पावसाळा तोंडावर आलाय. नक्की काय करावं?

उत्तर : पुढच्या रविवारी गावी गेलात की आधी गवंड्याकडून लेव्हलची नळी मागून आणा. पंधरा मीटर लांबीची साधी पारदर्शक नळी पुरते. देवळाच्या तिसऱ्या पायरीपासून घराच्या ओट्यापर्यंत पातळी न्यायची आहे, आणि हे काम दोन माणसांचं आहे. नळीत पाणी भरताना हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नका. बुडबुडा राहिला की दोन टोकांची पातळी जुळत नाही आणि सगळं मोजमाप फुकट जातं. एक टोक पायरीवरच्या पुराच्या खुणेशी धरा, दुसरं बारा मीटरवरच्या भिंतीशी किंवा खांबाशी. पाणी हलायचं थांबलं की तिथे पेन्सिलने रेघ मारा, मग पहिलं टोक त्या रेघेवर आणून पुढे सरका. जमीन चढत असेल तर रेघ जमिनीखाली जाईल, तेव्हा ती ठरावीक मापाने, समजा एक मीटरने, वर घ्या आणि वहीत लिहून ठेवा. घरापर्यंत आलात की तशाच उलट्या क्रमाने देवळापर्यंत परत जा. परत आल्यावर दोन इंचांपेक्षा जास्त फरक पडला तर कुठेतरी चूक झाली आहे, पुन्हा मोजा. गावात बांधकामाचा ठेकेदार असेल आणि त्याच्याकडे ऑटो लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) असेल, तर हेच काम तो तासाभरात करून देईल.

यातून एकच आकडा हाती येतो: २०१९ चं पाणी तुमच्या ओट्यापेक्षा किती खाली होतं. तो आकडा सहा फूट असेल तर वडिलांच्या म्हणण्यात बराच दम आहे. दीड फूट असेल तर तुमचं घर त्या वेळी थोडक्यात वाचलं, एवढाच त्याचा अर्थ. सपाट काळ्या रानात चारशे मीटरमध्ये चढ कधीकधी हातभरसुद्धा नसतो, म्हणून नुसत्या अंतरावर भिस्त ठेवू नका.

पुढचा प्रश्न २०१९ पेक्षा मोठा पूर येऊ शकतो का, हा. जलसंपदा विभाग नदीकाठाला दोन पूररेषा आखतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येईल अशा पुराची लाल. ‘शंभर वर्षांतून एकदा’ हे शब्द मात्र फसवे आहेत. एकदा येऊन गेला की आता नातवंडांच्या काळातच येणार, असा लोक त्याचा अर्थ लावतात. खरं तर दर वर्षी शंभरात एक अशी ती शक्यता असते, मागच्या वर्षी काय झालं याच्याशी तिचा संबंध नाही. तीस वर्षांचा हिशेब केला तर लाल रेषेपर्यंत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता २६ टक्क्यांच्या आसपास निघते, निळ्या रेषेपर्यंतची ७० टक्क्यांच्या आसपास. तुमच्या गावच्या टप्प्यात रेषा आखल्या आहेत का आणि तुमचा गट नंबर कुठल्या बाजूला पडतो, हे जलसंपदाच्या संबंधित कार्यकारी अभियंत्याच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारा. अर्जात गट नंबर, गावाचं आणि तालुक्याचं नाव स्पष्ट लिहा, आणि नकाशाबरोबर त्या ठिकाणची पूरपातळी मीटरमध्ये मागा. उत्तर आलं नाही तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

नदी थेट घराकडे येते असंही नाही. गावाच्या कडेने ओढा जात असेल तर पाणी बहुतेक वेळा त्याच वाटेने शिरतं. नदी दुथडी भरली की ओढ्याचं पाणी नदीत उतरत नाही. ते मागे फुगतं आणि नदीपासून लांब असलेल्या वस्तीत आधी घुसतं. खाली भीमेला पूर असेल तर मुळा-मुठेचं पाणीही असंच तुंबतं. तुमच्या भागात त्यात दोन गोष्टींची भर पडते. एक म्हणजे पुण्याकडून वाहत येणारी जलपर्णी. ती मोरीच्या तोंडाशी आणि बंधाऱ्याला गच्च अडकते. दुसरी म्हणजे कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे न काढलेले ढापे, म्हणजे पाणी अडवायला लावलेल्या फळ्या. पाऊस सुरू होण्याआधी ढापे निघाले पाहिजेत. ते तसेच राहिले तर पहिल्याच लोंढ्याला बंधारा भिंतीसारखा आडवा उभा राहतो. मे संपायच्या आत भाऊ ग्रामपंचायतीत जाऊन ढापे निघाले का आणि ओढ्यावरची मोरी साफ झाली का, हे विचारून आला तर त्याचा उपयोग सगळ्या आळीला होईल.

तुम्ही हडपसरला राहता हे तर गावच्या फायद्याचं आहे. खडकवासल्यातून सोडलेलं पाणी मुठेतून येतं, मुळशी आणि पवनेचं मुळेतून, आणि संगमानंतर ते सगळं बंडगार्डनच्या पुलाखालून तुमच्या गावाकडे जातं. म्हणून पावसाळ्यात बातम्यांमध्ये नुसता खडकवासल्याचा विसर्ग बघून भागत नाही, बंडगार्डनचा आकडा बघा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्याचा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या घरात गेला, म्हणजे सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर, आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोक झोपेतून उठले ते दारात पाणी बघूनच. एक वही घाला. त्यात तीन रकाने पाडा: वेळ, बंडगार्डनचा विसर्ग, आणि भावाने फोनवर सांगितलेली देवळाची पायरी. दोन पावसाळ्यांत तुम्हाला कळेल की पुण्यात अमुक आकडा झाला की किती तासांनी गावात कितवी पायरी बुडते. तुमच्या गावापुरता हा अंदाज दुसरं कोणी करून देणार नाही.

आता सरकारी मदतीबद्दल. ती जरूर घ्या, तो तुमचा हक्क आहे. पण तिची रक्कम वडिलांना एकदा वाचून दाखवा. राज्य आपत्ती निधीतून मदत देण्याचे २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीचे केंद्राचे निकष असे: सपाट भागात पक्कं घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार रुपये, पक्क्या घराची निदान १५ टक्के पडझड झाली तर ६,५०० रुपये, कच्च्या घराची झाली तर ४,०००, गोठ्याला ३,०००. कपड्यांसाठी कुटुंबाला २,५०० आणि भांडीकुंडी, घरसामानासाठी आणखी २,५००. दुभत्या म्हशीला ३७,५००. राज्य सरकार कधी यात भर घालतं, कधी घालत नाही. घरात तीन फूट पाणी उभं राहिलं तर फ्रिज, गाद्या, कपाटं, दारं, वायरिंग एवढं जातं, आणि घर उभं राहिलं असेल तर तुम्ही ६,५०० च्या रांगेत असता. ही मदत दोन दिवस चूल पेटावी म्हणून असते, घर पुन्हा उभं करण्यासाठी नसते.

बँकेच्या विम्याचं काय, ते तर्क करत बसण्यापेक्षा शाखेत जाऊन कागद मागून पाहा. कर्जाबरोबर दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि दोन्हीला लोक ‘विमा’च म्हणतात. पहिली म्हणजे कर्जदाराच्या आयुष्याचा विमा. कर्ज घेणारा गेला तर उरलेलं कर्ज फिटतं. घर वाहून गेलं तर त्यातून दमडी मिळत नाही. दुसरी म्हणजे इमारतीचा विमा. तो असला तरी बहुधा कर्जाच्या रकमेपुरता, फक्त बांधकामाचा असतो, आणि दाव्याचे पैसे आधी बँकेच्या कर्जात वळते होतात. पॉलिसीची प्रत हातात आली की चार गोष्टी बघा: मुदत संपली का, विमा रक्कम किती, फक्त स्लॅबचा भाग धरलाय की मागचा जुना भागही, आणि धोक्यांच्या यादीत ‘फ्लड अँड इनन्डेशन’ (पूर आणि पाणी शिरणं) हे शब्द आहेत का. कागदावर कुठे एसटीएफआय हा गट वगळल्याचं लिहिलं असेल, तर वादळ-पूर-पाणी शिरणं हा भागच त्यात नाही, असं समजा. २०१६ ला एका वर्षासाठी काढलेली आणि नंतर कोणी नूतनीकरण न केलेली पॉलिसी लोक वर्षानुवर्षं जिवंत धरून चालतात, तेही एकदा पडताळून घ्या.

तुमच्यासाठी योग्य पॉलिसी ‘भारत गृह रक्षा’ ही आहे. विमा नियामक आयआरडीएआयने १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ती द्यायला लावली आहे. कंपनी कोणतीही असली तरी मूळ शब्दरचना तीच असते, म्हणून तीन कंपन्यांचे हप्ते मागवून सरळ तुलना करता येते. हप्त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो धरूनच आकडा विचारा. पूर, पाणी शिरणं, वादळ, वीज, आग, भूकंप, जमीन खचणं, दरड हे सगळं यात मूळातच येतं. पुरासाठी वेगळं काही जोडावं लागत नाही. पुरानंतर घर उघडं पडलं आणि सात दिवसांच्या आत चोरी झाली, तर तीही यात धरली जाते. शिवाय घर राहण्याजोगं नसेल तेवढ्या काळाचं पर्यायी जागेचं भाडं आणि दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत राडारोडा उचलण्याचा खर्च मिळतो. गाळाने भरलेल्या घराला हा राडारोड्याचा खर्च किती येतो, ते ट्रॉलीवाल्याला विचारा.

विमा रक्कम ठरवताना जागेची किंमत धरू नका. जमीन पुरात बुडते, पण नाहीशी होत नाही. तिचा विमा नसतो. रक्कम निघते ती चटई क्षेत्र गुणिले आजचा बांधकामाचा दर अशी. उदाहरण म्हणून पाहा. स्लॅबचा भाग ५५० चौरस फूट, दर १,९०० रुपये, म्हणजे १० लाख ४५ हजार. मागचा जुना भाग ४५० चौरस फूट, १,२०० च्या दराने ५ लाख ४० हजार. कुंपणाची भिंत, फाटक, सेप्टिक टाकी, पाण्याची पक्की टाकी, गोबर गॅस, छतावरचं सोलर हेही ‘इमारत’ या व्याख्येत बसतं, पण त्याची रक्कम वेगळी लिहून द्यावी लागते. समजा १ लाख १५ हजार. एकूण १७ लाख. घरातल्या सामानासाठी इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, एवढं संरक्षण आपोआप मिळतं, म्हणजे इथे ३ लाख ४० हजार. त्याहून जास्त सामान असेल तर यादी देऊन वाढवून घ्या. रोकड मात्र यात धरत नाहीत. दागिन्यांसाठी मौल्यवान वस्तूंचं वेगळं कलम जोडावं लागतं. दर तुमच्या भागातल्या ठेकेदाराकडून लेखी घ्या आणि तो कागद जपून ठेवा.

या पॉलिसीत एक सवलत फार मोलाची आहे. जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत घर वीस लाखांचं आणि विमा दहा लाखांचा निघाला, तर चार लाखांच्या नुकसानीलाही कंपनी दोनच लाख द्यायची. गृह रक्षामध्ये ही कपात काढून टाकली आहे. तुम्ही दिलेली माहिती खरी असेल, तर विमा रकमेच्या मर्यादेत नुकसान पूर्ण मिळतं. पॉलिसी दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीची घेता येते आणि एका वर्षाहून लांब मुदतीच्या पॉलिसीत विमा रक्कम दर वर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढत जाते. परवडत असेल तर पाच वर्षांची घ्या. दर वर्षी मे महिन्यात आठवण ठेवून नूतनीकरण करणारं घर विरळाच, आणि नेमकं विसरलेल्या वर्षी पाणी येतं.

जुन्या भागाबद्दल अर्जात काहीही झाकून ठेवू नका. ‘भिंती दगड-मातीच्या, छप्पर अमुक’ असं शब्दांत लिहा, एजंटला ‘पक्कं’ या चौकटीत खूण करू देऊ नका. बांबू, गवत, ताडपत्री अशा बांधकामाला कच्चं धरून वेगळा दर लावतात किंवा विमा नाकारतात. दगड-मातीच्या भिंतीबद्दल कंपनीचं म्हणणं आधीच लेखी घ्या. मागे कधी पूर आला होता का, नदी किती लांब, निळ्या रेषेच्या आत आहात का, जे विचारलं असेल त्याचं खरं उत्तर द्या. हप्ता थोडा वाढला तरी चालेल. दावा आला की नुकसान मोजायला नेमलेला सर्व्हेअर घर बघायला येतो तेव्हा मातीची भिंत त्याला दिसतेच, आणि मग अर्जातलं खोटं दाखवून सबंध दावा फेटाळायला कारण मिळतं.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट, आणि गावाकडचे विमे खरे इथेच अडतात: घर कोणाच्या नावावर आहे? ज्याचा घरावर मालकी हक्क, त्याच्याच नावाने पॉलिसी घ्यायची. तुम्ही हप्ता भरता म्हणून तुमच्या नावाने काढली आणि घर कागदावर आजोबांच्या नावावर असलं, तर दाव्याच्या वेळी ‘तुमचा या घराशी कायदेशीर संबंध काय’ हा प्रश्न येतो. ग्रामपंचायतीतून घराचा नमुना ८ चा उतारा काढा. तलाठ्याकडचा ८-अ हा वेगळा, तो शेतजमिनीच्या खात्याचा. दोन्हीत घोळ होऊन लोक नेमका चुकीचा कागद जोडतात. गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर स्वामित्व योजनेतली मिळकत पत्रिकाही मिळेल, तीही जोडा. उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर आजच वारस नोंदीचा अर्ज टाका. नोंद व्हायला वेळ लागणार, आणि पाऊस काही तिच्यासाठी थांबणार नाही. म्हणून तोवर मृत्यूचा दाखला, वारसांची नावं आणि अर्जाची पोच दाखवून सगळ्या वारसांच्या संयुक्त नावाने पॉलिसी मिळेल का, हे कंपनीला लेखी विचारा. तोंडी ‘चालतंय हो’वर विसंबू नका.

दुकान, चाळ, गोठा या तिन्हींना गृह रक्षा पुरत नाही. ती राहत्या घरासाठी आहे. दुकानाची खोली आणि तिचं क्षेत्रफळ अर्जात स्पष्ट सांगा. किराण्याचा माल, फ्रीझर, काटा यांच्यासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही छोट्या धंद्यांची पॉलिसी आहे, एका जागी पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी. पूर तिच्यातही येतो. दावा करताना मालाचा हिशेब दाखवावा लागतो, म्हणून वहिनींनी खरेदीची बिलं डब्यात टाकून ठेवण्यापेक्षा आल्या दिवशी मोबाइलवर फोटो काढून तुम्हाला पाठवावीत. चाळीतला कांदा हा विक्रीचा माल, घरसामान नव्हे. तो याच पॉलिसीत घेता येईल का ते विचारा. पीक विम्याशी त्याची गल्लत करू नका. म्हशींना पशुधन विमा लागतो, आणि त्यात कानातल्या बिल्ल्याचा नंबरच सगळं असतं. बिल्ला पडला असेल तर नवा मारून त्याचा नंबर कंपनीला कळवा. ट्रॅक्टर, मोटारसायकल यांचा पूर त्यांच्या सर्वसमावेशक वाहन विम्यात. नुसता थर्ड पार्टी असेल तर काही नाही. बुडालेल्या गाडीला चावी लावू नका, पाणी इंजिनात खेचलं जाऊन होणारं नुकसान साध्या वाहन विम्यात बहुधा मिळत नाही.

हे सगळं आकाश निरभ्र असताना करायचं. विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबीप्रमाणे हप्ता कंपनीकडे पोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. रेड अलर्ट आल्यावर केलेला अर्ज कंपनी अडवून ठेवू शकते, आणि पाणी अंगणात आल्यावर काढलेल्या विम्याला अर्थच नसतो. पॉलिसी आली की शेड्यूलवरचं, म्हणजे पॉलिसीच्या तपशिलाच्या पानावरचं नाव, गावाचं नाव, गट किंवा मिळकत नंबर, रक्कम आणि ‘एक्सेस’ म्हणून आधी वजा होणारी काही रक्कम लिहिली आहे का, एवढं बोट ठेवून वाचा.

पॉलिसी मिळाली त्याच दिवशी घराचा व्हिडिओ काढा. दारातून आत जात प्रत्येक खोली, कपाटं उघडून, फ्रिज-टीव्ही-मोटरच्या मागच्या पट्टीवरचे नंबर वाचता येतील इतक्या जवळून. तो स्वतःला ईमेल करा, म्हणजे तारीख राहते.

घरात करायच्या कामांत विजेचं काम पहिलं. मेन स्विच, मीटर आणि सॉकेट जलसंपदाकडून मिळालेल्या पूरपातळीच्या निदान दोन फूट वर घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. संडासातून पाणी उलटं येतं, ते सेप्टिक टाकीच्या पाइपला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवला तर अडतं. गॅसचा सिलिंडर साखळीने भिंतीला बांधा. भरलेला सिलिंडर साधारण तीस किलोचा, पण पस्तीस लिटर पाणी बाजूला सारतो, म्हणून तो भरलेला असला तरी तरंगतो, रेग्युलेटरला हिसका बसतो आणि गॅस सुटतो.

मातीच्या भिंतींबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण जीव तिथे जातो. अशा भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा असला की ती मजबूत दिसते. पाणी मात्र पायातून आणि भेगांतून आत जातं, आतली माती लगदा होते आणि गिलावा ते सगळं पिशवीसारखं धरून ठेवतो. पाणी असेपर्यंत दोन्ही बाजूंनी दाब सारखा असतो, म्हणून भिंत उभी राहते. पाणी ओसरलं की बाहेरचा आधार जातो आणि भिंत पोट काढते. ओळंबा लावून पाहा, ती बाहेर झुकलेली दिसेल. पडते ती दोन-तीन दिवसांनी, ऊन पडल्यावर, सगळे आवरायला घरात असताना. म्हणून पूर उतरला तरी मागच्या खोल्यांत आई-वडिलांना झोपू देऊ नका, आणि साचलेलं पाणी पंप लावून एका दमात उपसू नका. अशी भिंत नंतर पडली तर तेही त्याच दाव्यात कळवायचं असतं. सर्व्हेअर येऊन गेला असला तरी दावा बंद होण्याआधी फोटोसह लेखी कळवा.

दाव्याच्या वेळी पहिलं काम कंपनीला कळवणं. टोल फ्री नंबरवर फोन करून दाव्याचा क्रमांक घ्या आणि तोच मजकूर ईमेलने पाठवा. मग झाडू हातात घेण्याआधी भिंतीवरच्या गाळाच्या रेघेला टेप लावून, टेपवरचा आकडा दिसेल असा फोटो प्रत्येक खोलीत काढा. गाळ उपसायला हरकत नाही, तो ठेवून रोगराई होते. भिजलेल्या गाद्या, फ्रिज, मोटर मात्र सर्व्हेअरने बघेपर्यंत फेकू नका. सडणारं सामान ठेवणं अशक्य असेल तर फोटो काढून, कंपनीला ईमेल करून मगच टाका. फ्रिज-मोटरची तपासणी करणाऱ्या कारागिराकडून दुरुस्तीचं अंदाजपत्रक लेखी घ्या, बदललेले सुटे भाग त्याला देऊन टाकू नका. पंचनामा होईल त्याची प्रत मागून घ्या. त्यातलं पाण्याच्या उंचीचं माप तुमच्या फोटोशी जुळतंय ना, हे सही करण्याआधी वाचा. चोरी झाली असेल तरच पोलिसांत तक्रार लागते.

आयआरडीएआयने २०२४ मध्ये घालून दिलेल्या मुदतीप्रमाणे दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमला गेला पाहिजे, त्याचा अहवाल १५ दिवसांत आणि अहवालानंतर निर्णय ७ दिवसांत. कंपनी टोलवाटोलवी करायला लागली तर आधी तिच्याच तक्रार निवारण कक्षाला लेखी कळवा. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. त्यांचं एक कार्यालय पुण्यातच, नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात. कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, म्हणून नकाराचं पत्र ज्या पाकिटातून आलं ते पाकीट, त्यावरच्या टपालाच्या शिक्क्यासह, जपून ठेवा.